न झालेल्या मारामारीची फुशारकी

डोळ्याखाली काळंनिळं घेऊन किंवा कपाळावर पट्टी चिकटवून कामावर आलेल्या अमेरिकन माणसाला कुणी विचारलं, 'हे काय झालं?', तर एक उत्तर हमखास येतं: 'यू शुड सी द अदर गाय.' माझं काय बघताय, समोरच्याची अवस्था बघा! (देवनागरीत लिहिलं की या वाक्यात विनाकारण एक गाय येऊन उभी राहते, तिच्याकडे दुर्लक्ष करावं.) हेच उत्तर बिघडलेल्या हेअरकटवरही देतात. संभाषणाचं इंग्रजी शिकवणाऱ्या आम्हा मंडळींना हे वाक्य भलतंच अवघड जातं, आणि अवघडपणा व्याकरणात नाही. सहा शब्द आहेत, शिकणारा ते पटकन पाठ करतो आणि मग भलत्याच ठिकाणी ठोकून देतो. खरंच हाणामारी झालेली असताना म्हणतो, साहेबांनी गंभीरपणे चौकशी केली असताना म्हणतो, कधी तर दुसऱ्याचा प्लास्टरमधला हात पाहून स्वतःच म्हणतो. या सगळ्या चुकांच्या मुळाशी एकच गैरसमज आहे असं माझं मत आहे. हे वाक्य शौर्याची बातमी देतं असं त्यांना वाटतं. प्रत्यक्षात ते खोटं असतं, ते खोटं आहे हे बोलणारा आणि ऐकणारा दोघांनाही ठाऊक असतं, आणि तसं ठाऊक असेल तेव्हाच ते बरोबर बसतं.

आपल्याकडे 'पडलो तरी नाक वर' असं म्हणतात, पण ते दुसऱ्याबद्दल. हरला तो हरला आणि वर मिजास करतो, असा तो टोमणा आहे. इंग्रजी वाक्यात हीच मिजास माणूस स्वतः अंगावर घेतो आणि इतकी फुगवतो की ती कुणीच खरी मानू नये. सायकलवरून पडून गुडघा सोलवटलेला कारकून 'समोरच्याला बघा' म्हणतो तेव्हा समोर होता तो फक्त रस्ता. ऐकणारा हसतो तो या विसंगतीला. आता याच्या जागी एखादा धिप्पाड तरुण ठेवा, त्याच्या मुठीची सालं निघालेली आणि आदल्या रात्री तो कुणाशी तरी भिडला होता हे सगळ्यांना माहीत. शब्द तेच, पण ऐकणारा हसत नाही, मागे सरकतो. दावा खरा असण्याची शक्यता निर्माण झाली की विनोदाची धमकी होते. म्हणून शिकवताना मी उच्चाराआधी एक कसोटी देतो: हे वाक्य कुणी चुकून खरं मानलं तर तुमची पंचाईत होईल का? होणार असेल तर तोंड बंद ठेवा.

यावर आक्षेप येतो की मी गोष्ट उलटी सांगतो आहे. वाक्याचा आशय उघडच मारामारीचा आहे. ज्यांनी खरोखर ठोसे खाल्ले आणि दिले त्यांच्या तोंडी ते शोभतं, बाकीच्यांनी ते उसनं घेतलेलं आहे. पण ज्यांनी खरोखर ठोसे खाल्ले त्यांचं बोलणं तपासून पाहावं. २३ सप्टेंबर १९२६ रोजी फिलाडेल्फियात मुष्टियोद्धा जॅक डेम्प्सी जीन टनीकडून दहा फेऱ्यांच्या लढतीत गुणांवर हरला. १९१९पासून त्याच्याकडे असलेलं हेवीवेट जगज्जेतेपद गेलं, चेहरा सुजला. पत्नी एस्टेल टेलरने विचारलं तेव्हा तो म्हणाला, 'हनी, आय फरगॉट टू डक', म्हणजे वाकायचंच विसरलो. व्यवसायाने ठोसे मारणाऱ्या माणसाने समोरच्याचं नावसुद्धा काढलं नाही. ३० मार्च १९८१ रोजी वॉशिंग्टनमध्ये अमेरिकेचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांच्यावर गोळी झाडली गेली. ती हृदयापासून जेमतेम इंचभर अंतरावर अडकली होती, आणि इस्पितळात त्यांनी पत्नी नॅन्सी यांना डेम्प्सीचंच वाक्य ऐकवलं. मुष्टियुद्धात वाकून ठोसा चुकवता येतो, पिस्तुलाच्या गोळीपुढे ते शक्य नाही. ते वाक्य प्रसंगाला बसत नव्हतं म्हणूनच तिथे चपखल बसलं. आपली फुशारकी आणि डेम्प्सीची कबुली वरवर एकमेकींच्या उलट असल्या तरी दोन्हींचं काम एकच आहे. जखमी माणूस स्वतःच जखमेला लहान करतो आणि घाबरलेल्या माणसाला मोकळा श्वास घेऊ देतो. त्यासाठी खऱ्या मारामारीची गरज नाही. ती नसली तर बरंच.

म्हणून केसांवरच्या वापराला जे 'ओढूनताणून' म्हणतात त्यांच्याशी माझं अजिबात पटत नाही. जखमेत निदान शंकेला जागा असते, खरोखर कुणी ठोसा मारलाही असेल. उंदराने कुरतडल्यासारखे केस घेऊन आलेल्या माणसाने कुणाशी झुंज दिली असेल? प्रतिस्पर्धी शोधायलाच गेलं तर खुर्चीमागे कात्री घेऊन उभा असलेला सलूनवाला सापडतो, आणि त्याला बिचाऱ्याला काहीच झालेलं नसतं. शिवाय इथे आणखी एक अर्थ डोकावतो: शेजारच्या खुर्चीतल्या गिऱ्हाइकाचे केस याहून वाईट कापलेत. दोन्ही अर्थ एकदम चालतात आणि बोलणाऱ्याला त्यातला एक निवडावा लागत नाही. फटका मात्र कुणालाच बसत नाही, कारण न्हाव्याच्या हातून काय झालं याची तक्रार इथे नसते. तक्रार करायची असेल तर त्यासाठी दुसरी वाक्यं आहेत, ती सलूनमध्येच बोलावीत. २०२०च्या टाळेबंदीत तर जगभर लोकांनी आरशासमोर उभं राहून स्वतःचे केस कापले, म्हणजे मारणारा आणि मार खाणारा एकच. अशा माणसाने हे वाक्य म्हटलं तर मी त्याला पैकीच्या पैकी गुण देईन.

काही ठिकाणी मात्र या वाक्याला पूर्ण बंदी हवी. पहिलं ठिकाण डॉक्टरचं. कुणाच्या तोंडावर ठोसा मारताना समोरच्याचा दात लागून बोटाच्या सांध्यावर बारीकशी चीर पडते. इंग्रजी बोलणारे डॉक्टर तिला 'फाइट बाइट' म्हणतात. दिसायला ती किरकोळ असते, पण तोंडातले जंतू थेट सांध्यात शिरतात आणि हात चिघळतो. रुग्ण लाजेपोटी 'दार लागलं' असं सांगतो आणि उपचाराला उशीर होतो. या एका ठिकाणी समोरचा माणूस होता की नव्हता हे खरोखर महत्त्वाचं असतं, आणि तो गमतीत आणलेला असला तर घोटाळा होतो. दुसरी अडचण विचारणाऱ्याच्या बाजूची. 'व्हॉट डज द अदर गाय लुक लाइक?' असा प्रश्नही इंग्रजीत रूढ आहे, म्हणजे विनोदाची सुरुवात बघणाराच करतो. मी तो शिकवायचं टाळतो. डोळ्याखालची खूण घरातल्याच कुणी केलेली असू शकते. अशा व्यक्तीपुढे हा विनोद टाकला की तिला खरं सांगण्याची उरलीसुरली संधीही आपण हिरावून घेतो. ती स्वतःच हे वाक्य बोलली तरी हसून पुढे जाऊ नये. एकांतात पुन्हा साधा प्रश्न विचारावा.

उरला शेवटचा आणि सगळ्यात वजनदार आक्षेप: हा विनोद झिजून गुळगुळीत झालाय, तो शिकण्यात वेळ का घालवायचा? गुळगुळीत झालाय हे मान्य. पण समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांनी १९६३च्या 'स्टिग्मा' या पुस्तकात दाखवलंय की अंगावरची उघड खूण दोन्ही बाजूंना अवघडवते आणि तो अवघडलेपणा दूर करण्याचं ओझं बहुधा खूण असलेल्यावरच पडतं. दिवसभरात भेटणाऱ्या प्रत्येकासाठी त्याने नवा विनोद शोधायचा का? नव्या विनोदाला दाद द्यावी लागते, तो समजला नाही तर समजावून सांगावा लागतो, आणि बोलणं पुन्हा जखमेवरच रेंगाळतं. जुना विनोद ऐकणाऱ्याला अर्ध्यातच कळतो, तो हसल्यासारखं करतो आणि विषय कामाकडे वळतो. राष्ट्राध्यक्ष असताना जॉर्ज डब्ल्यू. बुश जानेवारी २००२मध्ये प्रेट्झेल घशात अडकून बेशुद्ध पडले आणि गालावर खरचटलं. त्यांनी आईचं ऐकावं, नीट चावून खावं असा ठेवणीतला सल्ला देऊन प्रश्न मिटवला, त्यातही नवीन काही नव्हतं. मी शिकणाऱ्यांना सुरुवात केसांपासून करायला लावतो, मग खरचटण्यावर येतो, आणि टाक्यांपर्यंत सहसा जातच नाही. खूण ताजी असेल तर 'शुड सी', चार दिवसांनी गोष्ट सांगताना 'शुड हॅव सीन'. आणि कुणी दुसऱ्यांदा विचारलं, की 'बाथरूममध्ये पाय घसरला' एवढं सरळ सांगून टाकायचं.