विहिरीच्या पाण्याची पारख

शेतकरी कीटकनाशकाला ‘औषध’ म्हणतात. पऱ्हाटीवर औषध मारले, असे ते सहज बोलून जातात. मी रसायनशास्त्राचा अध्यापक. त्या औषधांची सूत्रे मी फळ्यावर लिहीत असे. ती पावसाच्या पाण्याबरोबर शेतातून ओढ्यात आणि विहिरीत उतरतात, हेही मला ठाऊक होते. परंतु विहिरीच्या काठी उभे राहून ती ओळखावीत कशी? पाण्याची बाटली शहरातील प्रयोगशाळेकडे धाडली, म्हणजे काही दिवसांनी कागद येई. तोवर गावाने ते पाणी पिऊनही टाकलेले असे. या एका प्रश्नाने माझी पंचवीस वर्षे घेतली.

आपल्या मज्जातंतूंत एक निरोप पोचला, की तो पुसून टाकणारे एक विकर असते. त्याचे नाव ॲसिटिलकोलिनेस्टरेज. नाव मोठे अवघड, पण काम फळा पुसणाऱ्या मुलाचे! मोनोक्रोटोफॉससारखी कीटकनाशके या मुलाचे हातच बांधून टाकतात. मग निरोपांवर निरोप साचतात आणि कीड तडफडून मरते. माणसाच्या शरीरातही हेच विकर आहे.

विषाने ज्याला गाठावे, त्यालाच साक्षीदार करावे, ही जैवसंवेदकाची युक्ती. १९६२ साली अमेरिकेत लेलंड क्लार्क व चॅम्प लायन्स यांनी रक्तातील साखर मोजण्यासाठी विकराची अशीच योजना सुचवली होती. मी पेन्सिलीतील कांडी घेतली. तिला आपण शिसे म्हणतो, पण ते असते ग्रॅफाइट, विजेचे उत्तम वाहक. तिच्यावर विकराचा पातळ थर बसवून त्याला त्याचे खाद्य दिले, की विजेचा सूक्ष्म प्रवाह वाहतो. तीच कांडी दहा मिनिटे विषारी पाण्यात ठेवली, तर तो प्रवाह रोडावतो. आमचे विकर दक्षिण अमेरिकेतील नद्यांत राहणाऱ्या वीजमाशाचे होते. आमच्या विहिरीची पारख त्याने करावी, याची मला अजूनही गंमत वाटते.

युरोपात पिण्याच्या एक लिटर पाण्यात कोणतेही एक कीटकनाशक ०.१ मायक्रोग्रॅमहून अधिक चालत नाही. म्हणजे दहा हजार लिटरचे एक हजार टँकर भरावेत आणि त्या साऱ्यांत मिळून एकच ग्रॅम! तेथवर पोचणे कठीण होतेच. त्याहून कठीण वैशाखातले वऱ्हाडचे ऊन. उन्हानेही विकर निकामी होई. मग प्रवाह रोडावला तो विषाने की उन्हाने? म्हणून आम्ही कांड्या बर्फाच्या डब्यातून नेत असू, आणि एक कांडी नेहमी शुद्ध पाण्यात ठेवत असू.

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. ती बाधा विहिरीच्या पाण्यातून झालेली नव्हती. पण त्यानंतर गावे आपण होऊन आम्हांला बोलावू लागली.

अशाच एका गावी प्रवाह निम्म्यावर आला. शेजारची कांडी मात्र ठणठणीत होती. एक आजी भरलेली घागर घेऊन उभ्या होत्या.

“मास्तर, हे पाणी ओतून देऊ का?”

“ओता, आजी.”

त्यांनी घागर उपडी केली आणि विचारले, “मग चांगले पाणी कुठे आहे, ते सांगते का तुमची काडी?”

विषाचे नाव काही कांडी सांगत नाही. त्यासाठी बाटली शहराकडे धाडावीच लागली. पण आजींच्या प्रश्नासाठी आम्ही अंधार पडेपर्यंत गावातील एकेक पाणवठा तपासत हिंडलो. शाळेमागच्या हापशाच्या पाण्यात प्रवाह जराही रोडावला नाही. आजींनी तेथे अगोदरच घागर आणून ठेवली होती.