तुटलेला आवाज

'आवाज' हा शब्द तुम्हांला शिकवावा लागत नाही. तुम्ही घरी उर्दूत तो रोज बोलता, आम्ही मराठीत तोच बोलतो. फारसीतून तो दोन्ही भाषांत आला आणि दोन्हीकडे घरचा झाला. पण आवाज बिघडला, की मराठी कशी बोलकी होते ते पाहा. रेडिओ खरखरतो. जुना पंखा घरघरतो. घसा बसला, की आवाज चिरकतो आणि मडक्याला चीर गेली, की ते बद्द वाजते. संगणकाचा आवाज बिघडला, तर यांतला कोणता शब्द लागू पडतो हे आधी नीट ऐकावे. नेमका शब्द सापडला, म्हणजे निम्मी दुरुस्ती झाली असे मी समजतो.

आमचे घर उंबरमाळीला आहे. मुंबईहून कसाऱ्याच्या लोकलने निघालात, तर आसनगाव, आटगाव, खर्डी मागे पडल्यावर आणि कसारा येण्याआधी हे स्थानक लागते. शहापूर तालुक्याचा हा डोंगराळ भाग. भात, नागली, वरई ही येथली पिके. पुढे थळ घाट आहे. तेथे ३७ फुटांमागे १ फूट असा चढ असल्यामुळे कसाऱ्याला गाड्यांना मदतीची इंजिने जोडतात. रात्रीच्या शांततेत गाड्यांचा आवाज घरात येतो. आवाज ऐकण्याचा कान असा आम्हांला लहानपणापासूनच मिळाला म्हणा ना!

माझी आजी जात्यावर ओव्या फार सुंदर म्हणायची. गावात पिठाची गिरणी येऊन कितीतरी वर्षे झाली होती. तरी २०१४ साली माझ्या भावाने कोपऱ्यातले जाते पुन्हा मांडले, आजीला नागली दळायला बसवले आणि मोबाइलवर तिच्या ओव्या उतरवून घेतल्या. सगळे मिळून नऊ तासांचे ध्वनिमुद्रण झाले. आजी २०१६ साली गेली.

ओव्यांचे मोल आम्हांलाच कळले होते असे नाही. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी सहकाऱ्यांसह गावोगाव जाऊन बायकांकडून जात्यावरच्या ओव्या मिळवल्या. एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या. 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहाने २०१७ पासून त्या प्रसिद्ध करायला सुरुवात केली. ज्या बायकांना लिहिता येत नव्हते, त्यांची कविता अशी टिकली. आमच्या आजीच्या ओव्या मात्र कोणत्याच संग्रहात नव्हत्या. त्या आमच्याकडेच होत्या.

अडचण अशी, की आजीचे कितीतरी शब्द आम्हां नातवंडांना कळत नव्हते. ते कळणारी एकच व्यक्ती उरली होती, ती म्हणजे माझी आत्या. तिचे वय पंचाहत्तरच्या पुढे आणि कानाने कमी ऐकू येते. गेल्या दिवाळीत भाऊबिजेला ती आली. "आठ दिवस राहीन, तेवढ्यात लिहून घ्या," म्हणाली. माझ्या पुतणीचा लॅपटॉप होता. त्यावर ध्वनिमुद्रण लावायचे, आत्याच्या कानाला हेडफोन द्यायचा, ती शब्द सांगेल तो पुतणीने वहीत लिहायचा, असे ठरले. चुकले तर दोन ओळी मागे जाऊन पुन्हा ऐकता यावे, म्हणून लॅपटॉप हवा होता.

पहिल्याच दिवशी आवाज तुटू लागला. दोन शब्द येत, मग अर्धा सेकंद काहीच नाही, मग पुढचे शब्द. मध्येच चट् चट् असाही आवाज होई. आत्याने हेडफोन काढला. "आईचा आवाज असा कापला रे कोणी?" तिने विचारले. तालुक्याच्या गावी एका दुकानदाराला फोन केला. त्याने लॅपटॉप न पाहताच सांगितले, "यंत्र जुने झाले, नवे घ्या." न पाहता सांगितलेले निदान वैद्याचे असो की कारागिराचे, मी ते मानत नाही.

येथे थोडे थांबून संगणकात आवाज कसा वाजतो ते पाहू. माणसाच्या कानाला साधारणपणे एका सेकंदात २० ते २०,००० कंपने होणारे आवाज ऐकू येतात. संगणक आवाज साठवत नाही, त्याची मोजमापे साठवतो. १९८२ साली बाजारात आलेल्या सीडीवर एका सेकंदाच्या आवाजाची ४४,१०० मोजमापे असतात. व्हिडिओसाठी बहुधा ४८,००० असतात. ऐकू येणाऱ्या सर्वांत बारीक आवाजाच्या दुपटीहून अधिक वेळा मोजले, तरच तो पुन्हा नीट उभा करता येतो, असे त्यामागचे गणित आहे. वाजवताना ही मोजमापे त्याच वेगाने एकामागून एक स्पीकरकडे गेली पाहिजेत. संगणकाला मात्र इतरही शंभर कामे असतात. म्हणून तो पुढच्या आवाजाचा थोडा साठा आधीच करून ठेवतो. या साठ्याला बफर म्हणतात.

आमच्याकडची बाई बफर एका वाक्यात समजावील. घरातला रांजण म्हणजे बफर. रांजण रिकामा होण्याआधी पाण्याची पुढची खेप आली, तर घरात कोणाला काही कळत नाही. खेपेला उशीर झाला, की तांब्या तळाला खडखडतो. (तानसा, वैतरणा आणि भातसा यांचे पाणी याच भागातून मुंबईला जाते आणि उन्हाळ्यात येथल्याच पाड्यांवर टँकरची वाट पाहतात. हे विषयाला सोडून झाले. पण रांजणाचे नाव निघाले, की आम्हांला ते आठवतेच.) संगणकातला रांजण फारच लहान असतो. विंडोजमध्ये तो बहुधा सेकंदाच्या शंभराव्या भागात एकदा भरावा लागतो. ४८,०००च्या हिशेबाने एका खेपेला ४८० मोजमापे. संगणकाला हे काम जड नाही. फक्त खेप वेळेवर यायला हवी.

म्हणजे आमच्या लॅपटॉपमध्ये पाण्याचा उगम आटला होता, की खेप अडत होती? मी आधी ध्वनिमुद्रणाची एक प्रत पेनड्राइव्हवर काढून कपाटात ठेवली. हे काम सर्वांत आधी करावे. मग तीच फाइल मोबाइलवर लावली. पहिली दहा मिनिटे ऐकली. कोठेही खंड नाही. लॅपटॉपवर त्याच दहा मिनिटांत आवाज किती तरी वेळा तुटला आणि दर वेळी वेगळ्या ठिकाणी. फाइल खराब असती, तर त्याच त्याच ठिकाणी तुटली असती. हेडफोन काढून लॅपटॉपचा स्पीकर लावला, तरी तेच. तेव्हा फाइल सुटली, हेडफोन सुटला, स्पीकरही सुटला. उरले आतले काम.

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या, की टास्क मॅनेजर उघडतो. कोणता प्रोग्राम किती राबवून घेतो आहे, ते तेथे दिसते. त्यात डिस्कच्या रकान्यात १०० टक्के दिसत होते. महिनाभर बंद असलेला लॅपटॉप उघडला होता. त्यामुळे विंडोज स्वतःला नवे करून घेत होते आणि विषाणू शोधणारा प्रोग्राम सगळ्या फाइली तपासत होता. जुन्या फिरत्या डिस्कला एवढे झेपत नाही. आम्ही दोन्ही कामे रात्रभर होऊ दिली. सकाळी डिस्क शांत झाली आणि आवाज बराच सुधारला.

पण वीस मिनिटांनी पुन्हा तुटू लागला! आता पंखाही जोरात घरघरत होता. लॅपटॉपला हात लावला, तर तवा. आत्याला बरे पडावे म्हणून पुतणीने तो गोधडीवर ठेवला होता. गोधडीने खालची हवा कोंडली होती. प्रोसेसर फार तापला, की स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग कमी करतो. मग खेपा उशिरा येतात. लॅपटॉप बंद केला, वायर काढली, बॅटरीही काढली आणि खालचे झाकण उघडले. चुलीच्या घरातली धूळ कशी असते ते तुम्हांला माहीत असेल. पंख्यापुढच्या जाळीवर तिचा नमद्यासारखा थर बसला होता. पंख्याचे पाते बोटाने धरून मऊ कुंचल्याने तो थर काढला. पाते धरायचे कारण असे, की ते नुसते गरगर फिरू दिले, तर पंख्याला इजा होऊ शकते. मग लॅपटॉप पाटावर ठेवला. खाली दोन बाजूंना दोन जाडजूड पुस्तके दिली आणि मधली जागा मोकळी ठेवली. तुटणे थांबले.

राहिले ते चट् चट्. ते तुटणे नव्हते, त्याचा शब्दच वेगळा होता. टास्क मॅनेजरमध्ये सगळे ठीक दिसे, तरी ते चालूच. याचे कारण कसाऱ्याच्या लोकलने रोज जाणाऱ्याला लगेच कळेल. मागून मेल आली, की लोकल बाजूला थांबवतात. लोकलमध्ये काही बिघाड नसतो. पण तिला उशीर होतो. संगणकातही काही उपकरणे प्रोसेसरला तातडीची हाक मारतात. ती हाक आली, की हातातले काम ठेवून प्रोसेसरला तिकडे जावे लागते. उपकरण चालवणाऱ्या प्रोग्रामला, म्हणजे ड्रायव्हरला, शिस्त असेल, तर तो क्षणात काम उरकतो. बेशिस्त ड्रायव्हर प्रोसेसरला अडवून धरतो. तेवढ्यात रांजण रिकामा!

हाक कोण मारते ते शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदलावी. पुतणीने वहीच्या मागच्या पानावर नोंद ठेवली. आवाज गोड करणाऱ्या विंडोजच्या जादा सोयी बंद केल्या, फरक नाही. ब्लूटूथ बंद केले, फरक नाही. वायफाय बंद केले आणि चट् चट् एकदम थांबले. पुन्हा सुरू केले. पुन्हा चट् चट्. तीनदा करून पाहिले. तिच्या नोंदीत तिन्ही वेळा वेळ लिहिलेली आहे. ओव्या ऐकायला वायफाय कशाला हवे? आम्ही ते बंदच ठेवले. वायफायचा नवा ड्रायव्हर मी नंतर उतरवून घेतला आणि तो घातल्यावर वायफाय सुरू असतानाही आवाज स्वच्छ आला.

या खटपटीत आठांपैकी तीन दिवस गेले. उरलेल्या पाच दिवसांत आत्या सकाळी चहा झाला की पाटासमोर बसे, ती दिवेलागणीपर्यंत. काही शब्दांना ती हसे. काही शब्द सांगताना गप्प होई. नऊ तासांपैकी साडेसहा तास लिहून झाले. उरलेले लिहायला ती पुढच्या सुट्टीत येणार आहे.

चौथ्या दिवशी एका ठिकाणी आवाज पुन्हा थांबला. जात्याची घरघरही थांबली. पुतणीने लगेच वहीचे मागचे पान काढले. मागे जाऊन लावले. त्याच ठिकाणी थांबला. मोबाइलवर तेच ठिकाण लावले. तेथेही तेवढाच खंड. "काका, ही फाइलच तुटली आहे," ती घाबरून म्हणाली. आत्याने हेडफोन कानाला घट्ट धरला, डोळे मिटले आणि पुन्हा लावायला सांगितले.

"काही तुटलेले नाही," ती म्हणाली. "जाते थांबवून आई नागलीची मूठ वैरते आहे. पुढे ऐक, लागेल."