बर्फावरची नागमोडी वाट
आम्हां बडोदेकरांना बर्फ ठाऊक तो उसाच्या रसातला. तरीही १६ फेब्रुवारी २०२२ रोजी बीजिंग ऑलिंपिकमधील पुरुषांची स्लालम शर्यत आम्ही श्वास रोखून पाहिली. भारताचा तेथील एकमेव खेळाडू, काश्मीरचा आरिफ खान, तीत उतरला होता. खो-खोतील साखळीचा खेळ आम्ही जाणतो. पण तेथे बाद झालेल्याला पुढचा डाव असतो. बर्फाच्या उतारावर रोवलेल्या खांबांमधून नागमोडी जाताना एक दार चुकले, की शर्यत तेथेच संपते. आरिफची पहिलीच फेरी अपुरी राहिली. मात्र तीन दिवसांपूर्वी, भर हिमवर्षावात कितीतरी स्पर्धक गळाले असताना, जायंट स्लालममध्ये तो ४५ वा आला होता. पदकतक्त्यात त्या क्रमांकाला जागा नाही. आमच्या लेखी मात्र दोन्ही फेऱ्या शेवटच्या दारापर्यंत निभावणाऱ्याचा तो मानच आहे.