जात कोणती?

आम्ही चार-पाच सहकारी मिळून गेली काही वर्षे रस्त्यावरची जखमी कुत्री उचलतो, त्यांच्यावर उपचार करतो आणि जमेल तेव्हा त्यांना घरे शोधून देतो. औषधपाणी, नसबंदी, रेबीजची लस यांची पद्धत ठरलेली आहे. घर शोधू लागले की मात्र पहिला प्रश्न येतो, ‘जात कोणती?’ आंबा, गाय, माणूस या सर्वांसाठी मराठीत हा एकच शब्द आहे. विचारणाऱ्याचा सूरही फारसा बदलत नाही. ‘गावठी’ म्हणताच उत्साह मावळतो. त्यात मादी असेल तर बोलणे तिथेच खुंटते.

शैक्षणिक संस्था, रुग्णालये, बसस्थानके आदी आवारांतील कुत्री निवाऱ्यात हलवावीत, नसबंदीनंतरही तिथे परत सोडू नयेत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ७ नोव्हेंबर २०२५ रोजी दिला. चाव्याची आणि रेबीजची भीती खोटी नाही. पण महाविद्यालयाच्या आवारात वाढलेल्या कुत्रीपुढे त्यामुळे घर किंवा निवारा एवढेच पर्याय उरतात, आणि घराच्या दारात तो प्रश्न उभा असतो.

कुत्र्याला सोडून स्वर्गात जाणार नाही, ही युधिष्ठिराची भूमिका वर्गात सर्वांना पटते. तो कुत्रा शेवटी साक्षात धर्म ठरतो. आमच्याकडची तीन पायांची कुत्री मात्र शेवटपर्यंत कुत्रीच राहणार. तिला नेणाऱ्याला स्वर्ग मिळणार नाही, रोज केस झाडावे लागतील. म्हणूनच तिला नेणाऱ्या निवृत्त शिक्षिकाबाई लक्षात राहिल्या. त्यांनी फक्त विचारले, ‘हिचे नाव काय?’