४.७ जीबीत मावेल तेवढं

कोऱ्या डीव्हीडीवर ४.७ जीबी असं छापलेलं असतं. तीच संगणकात घातली की तो ४.३७ सांगतो. दोघंही खरंच बोलतात. कारखानदार हजाराच्या पटीत मोजतो, संगणक १०२४च्या. आकडा कुठलाही धरा, जागा तेवढीच असते, आणि आमच्या घरात भांडण जागेवरून होतं.

मी सोलापूरहून लग्न होऊन तंजावरात आले. सासरचं घर इथल्या मराठ्यांपैकी. २००४ साली नणंदेच्या लग्नात माझ्या नवऱ्याने उसन्या कॅमेऱ्यावर सात मिनीडीव्ही कॅसेटी भरल्या. वरात, पंगती, रुसवेफुगवे सगळं त्यात आहे. शिवाय लग्नानंतरच्या दोन दुपारी सासूबाईंची थोरली बहीण ओसरीवर बसून बोलली आहे. घरातली जुनी लग्नं, कोणत्या सणाला काय शिजायचं, लहानपणी ऐकलेली कीर्तनं असं बरंच काही. तंजावर कृष्ण भागवतरांनी मराठी कीर्तनाच्या घाटावर तमिळ हरिकथा उभी केली, ही माहिती मला पुस्तकात मिळाली होती. थोरल्या मावशींच्या तोंडी मात्र त्या कीर्तनातल्या साक्या आणि दिंड्या चालीसकट होत्या. त्या बोलतात ते मराठी माझ्या सोलापुरी कानाला आधी अनोळखी वाटायचं. दोन वाक्यांच्या मधे ‘अप्पुरम’ येतं, आणि प्रश्नाचा सूर तमिळसारखा वर चढतो. त्या आता नाहीत. तसं मराठी बोलणारं आमच्या घरात दुसरं कुणी उरलेलं नाही.

नातेवाईक सेलम, बंगळूर, चेन्नईला पांगलेले आहेत. त्यांच्यातल्या म्हाताऱ्यांना फोनवरची लिंक उघडत नाही, पण टीव्हीखालचा जुना प्लेअर अजून चालतो. म्हणून डीव्हीडी, आणि तीही एकच. दोन दिल्या तर दुसरी कुणी लावत नाही, हा सासूबाईंचा अनुभव. दोन थरांची ८.५ जीबीची तबकडी घरी जाळली तर जुने प्लेअर कधीकधी ती वाचत नाहीत, त्यामुळे तोही रस्ता बंद.

काटछाट करून तीन तास दहा मिनिटं उरली. मग हिशेब. ४.७ जीबी म्हणजे सुमारे ३७,६०० मेगाबिट. त्याला ११,४०० सेकंदांनी भागलं की सेकंदाला ३.३ मेगाबिट मिळतात. त्यातून आवाज आणि थोडी राखीव जागा वजा करा, चित्राला जेमतेम ३ उरतात. डीव्हीडीला चित्रासाठी ९.८ पर्यंत परवानगी आहे. ३ वर ७२० बाय ५७६ची पूर्ण चौकट नीट राहत नाही. वरातीत कॅमेरा हलला की माणसांच्या चेहऱ्यांचे चौकोनी ठोकळे होतात.

भाच्याने सुचवलं, “मामी, रुंदी निम्मी करा, ३५२ बाय ५७६. तेही डीव्हीडीच्या नियमात बसतं.” बसतं खरं, पण नऊवारीची जर एका सपाट पिवळ्या पट्ट्यात मिसळून जाते. दुसऱ्याचं म्हणणं, आवाज मात्र अस्सल, न दाबलेला ठेवायचा. तसा आवाज एकटाच सेकंदाला दीड मेगाबिट खातो, म्हणजे चित्राच्या वाट्यातला अर्धा. एका माणसाच्या बोलण्याला डॉल्बीचे १९२ किलोबिट पुरतात. मी दोन्ही प्रकार डोळे मिटून ऐकले. ‘अप्पुरम’ दोन्हींत सारखंच होतं.

मग द्विफेरी एन्कोडिंग लावलं. पहिल्या फेरीत यंत्र सगळी फिल्म नुसती पाहून जातं आणि कुठे जड आहे, कुठे हलकं, ते टिपून ठेवतं. दुसऱ्या फेरीत त्या टिपणानुसार बिट वाटतं. पुस्तक पूर्ण वाचल्याशिवाय पहिलं वाक्य भाषांतरित करू नये, हे आम्ही नवशिक्यांना सांगतो, त्यातलाच हा प्रकार. पहिल्या फेरीचा आलेख पाहिला आणि उलगडा झाला. सगळ्यात महाग वरात होती: हलता कॅमेरा, पेट्रोमॅक्सचे झोत, अंधारातला दाणेदार गोंगाट. सगळ्यात स्वस्त थोरल्या मावशी. एका जागी बसलेलं माणूस, मागे चुन्याची भिंत, हलतात ते फक्त ओठ आणि उजवा हात. मागच्या चौकटीतून पुढच्या चौकटीत काय बदललं एवढंच यंत्र लिहितं, आणि त्यांच्या बाबतीत बदलतं फार थोडं.

तेव्हा वरातीची पंचेचाळीस मिनिटं काढावीत, असं मी म्हटलं. घर पेटलं. “वरातीतच तर सगळे आहेत,” सासूबाई म्हणाल्या, आणि ते खरंच होतं. चुलत सासरे आख्ख्या चित्रणात दिसतात ते तेवढ्यात, मशालीमागे, घाम पुसताना. बंगळूरच्या काकूंना मावशींच्या दिंडीशी काय देणंघेणं? त्यांना नवरा बघायचा आहे.

तौलनिक साहित्यात एम.ए. करताना ‘भाषांतरात काय हरवतं’ यावर मी पानंच्या पानं लिहिली. इथे प्रश्न उलटा होता. किती हरवायचं ते आधीच ठरलेलं, कुणाचं हरवायचं एवढंच आपल्या हाती. सरस्वती महालातले मोडी कागद असेच काटकसरीचे आहेत. मोडीत ऱ्हस्वदीर्घाचा भेद सहसा पाळत नाहीत, हात न उचलता मजकूर पळवतात, आणि उरलेलं वाचणाऱ्याने संदर्भाने भरून काढायचं. बृहदीश्वराच्या भिंतीवर १८०३ साली सरफोजींनी भोसल्यांचा इतिहास मराठीत कोरवला, त्यात वंश आणि लढाया आहेत. कुठल्या घरात कुठली दिंडी म्हणत, ते कोरून ठेवायला भिंत कोण देणार?

शेवटी वरातीतले चाळीस चेहरे स्थिर चित्रं करून घेतले. प्रत्येक सहा सेकंद, खाली नादस्वरम. न हलणाऱ्या चित्राला बिट फार कमी लागतात. पंचेचाळीस मिनिटांची चार मिनिटं झाली, आणि चुलत सासरे मशालीमागे जरा जास्तच स्पष्ट दिसायला लागले. एकूण १४९ मिनिटं. चित्राला सरासरी ३.८, कमाल ८. डीव्हीमध्ये खालचं फील्ड आधी येतं, तेही तसंच ठेवलं, नाहीतर हात हलला की थरथरतो.

उपशीर्षकांना जागा जवळजवळ लागत नाही. डीव्हीडीवर ती अक्षरं नसतात, छोटी चित्रं असतात, त्यामुळे लिपीचीही अडचण नाही. तमिळ एका ओळीत, मराठी दुसऱ्या. मराठी ओळ प्रमाण भाषेत लिहावी, म्हणजे महाराष्ट्रातल्यांनाही कळेल, असा भाच्याचा आग्रह होता. मी ऐकलं नाही. मावशी जसं बोलल्या तसंच लिहिलं, ‘अप्पुरम’सकट. अर्थ तमिळ ओळ सांगतेच. एका ठिकाणी त्या शब्द आठवत अकरा सेकंद थांबतात. तिथे दोन्ही ओळी कोऱ्या आहेत.

मूळ सात कॅसेटी तासाला १३ जीबी या हिशेबाने सुमारे ९० जीबी होतात. त्या दोन हार्ड डिस्कवर वेगळ्या ठेवल्या आहेत, एक आमच्याकडे, एक चेन्नईला. बारा डीव्हीडी चारच्या वेगाने जाळल्या आणि प्रत्येक पाकिटात एक चिठ्ठी घातली: वरात पूर्ण हवी असेल तर सांगा, वेगळी देऊ. आतापर्यंत तिघांनी मागितली. बंगळूरच्या काकूंनी नाही. त्यांनी फोन करून विचारलं, ती दुसरी साकी थोरल्या अक्कांनी अर्धीच का म्हटली, पुढची मला येते.