शब्दांचें सामर्थ्य

संस्कृत व्याकरण शिकलेल्या वाचकांस इंद्रशत्रूची कथा ठाऊक असेलच. त्वष्ट्यास इंद्राचा घात करणारा पुत्र हवा होता. परंतु ‘इंद्रशत्रु’ या शब्दाच्या शेवटीं यावयाचा उदात्त स्वर आरंभीं आला, तत्पुरुषाचा बहुव्रीहि झाला, आणि वृत्र जन्मला तो इंद्राच्याच हातून मरावयास. समास शिकवितांना ही कथा आम्हीं अनेक वर्षें सांगितली.

निवृत्तीनंतर आम्ही पाश्चात्त्यांच्या विज्ञानकथा वाचूं लागलों. यंत्रांनीं भरलेल्या त्या जगांतही ही शब्दशक्ति नव्या वेषांत भेटली. अमेरिकन लेखक सॅम्युएल डिलेनी यांच्या १९६६ सालच्या ‘बॅबेल-१७’ या कादंबरींत शत्रूचें खरें हत्यार म्हणजे एक भाषा आहे. तींत ‘मी’ हा शब्दच नाहीं. (मासिकांतून ‘आम्ही’ लिहिणाऱ्या आमच्यासारख्यांनीं सावध व्हावें!) ती शिकणाराच्या विचारास विलक्षण वेग येतो, आणि नकळत तो स्वपक्षाचाच घात करूं लागतो. ऑर्वेल यांच्या १९४९ सालच्या ‘नाइन्टीन एटी-फोर’ मध्यें राज्यकर्ते कोशांतून एकेक शब्द काढून टाकतात. ‘मुक्त’ या अर्थाचा शब्द उरतो, तो कुत्रा उवांपासून मुक्त आहे एवढें सांगण्यापुरता. शब्दच नसला तर बंडाची कल्पना मनांत यावी कोठून?

भाषा विचारास सर्वस्वीं जखडून टाकते, हें मत आजचे भाषाशास्त्रज्ञ सहसा मानीत नाहींत. तथापि मनास वळण लावण्याचें सामर्थ्य तिच्यांत आहे, हें घरांतही दिसतें. आमचा नातू आत्या, मावशी, काकू व मामी या चौघींसही ‘आंटी’ म्हणतो. कोणा राज्यकर्त्यानें तसा हुकूम सोडलेला नाहीं. बारशास नांव ठेवावयाचें तें आत्यानें. माय मरो पण मावशी जगो, ही म्हण मावशीची. ‘आंटी’कडे असा कोणताच मान नाहीं व कोणतेंच कर्तव्य नाहीं. शब्द गेला म्हणून माया लागलीच आटत नाहीं, हें खरें. पण कोणी कोणाचें काय करावयाचें, हें सांगणारें कोणी उरत नाहीं.

मुलांच्या तोंडून असा शब्द गळतांना दिसला, तर वाचकांनीं तो तेथल्या तेथें उचलून त्यांस परत द्यावा. शब्द मागाहून कोशांत सांपडेल. नातें सांपडेलच असें नाहीं.