वसईचें दूध आणि वसईचें गवत

चर्चगेट स्थानकापासून वसई रोड अवघें ५२ किलोमीटर, विरार ६०. इतक्या जवळच्या मुलखाचें वर्णन प्रवासवर्णन म्हणून वाचकांपुढें ठेवावें कीं नाहीं, अशी आम्हांस प्रथम शंकाच होती. वसई म्हटली कीं चिमाजी अप्पा, १७३९ चा मे महिना आणि किल्ल्याचे पडके तट एवढेंच आपल्या घरांतून आठवतें. फार झालें तर सुकेळीं. परंतु या खेपेस आमचें जाणें किल्ल्यासाठीं नव्हतें. मुंबईकरांच्या सकाळच्या चहांत पिढ्यान् पिढ्या ज्या भागाचें दूध पडत आलें, त्या भागांतील गरीब कुटुंबाच्या पदरांत त्या दुधानें काय टाकलें, हें पाहावें असें मनांत होतें.

या मुलखाचें दैव आगगाडीनें ठरविलें. बी. बी. अँड सी. आय. रेल्वेचा मार्ग १८६४ सालीं मुंबईस ग्रँट रोडपर्यंत पोंचला आणि १२ एप्रिल १८६७ पासून विरार ते बॅकबे अशी रोजची एक गाडी सुरू झाली. तोंपर्यंत येथील माल गलबतांतून, भरतीच्या आणि वाऱ्याच्या मर्जीनें जात असे. केळीं किंवा विड्याचीं पानें एक दिवस उशिरा पोंचलीं तरी खपतात. दूध मात्र कोणाची वाट पाहत नाहीं. गाडी आली तेव्हांच येथलें दूध खऱ्या अर्थानें शहराचें झालें.

स्थानकाच्या पश्चिमेस पापडी, नंदाखाल, निर्मळ, आगाशी या बाजूस गेलें म्हणजे अजूनही कांहीं ठिकाणीं जुनी वसई भेटते. गोड्या पाण्याचीं बावखलें, नारळीपोफळी, केळीच्या वाड्या, आणि ज्या विहिरींवर पूर्वीं रहाट फिरत त्यांचीं मोडकीं जोतीं. येथील सामवेदी ब्राह्मण स्वतःच्या हातानें वाडी शिंपीत आणि म्हशी पाळीत आले, हें ऐकून देशावरील आमच्या वाचकांस नवल वाटेल. त्यांचे शेजारी कुपारी, म्हणजे सामवेदी ख्रिस्ती; दोघांची बोली एकच. देऊळ आणि चर्च निराळें असलें तरी पहाटेची धार आणि डब्यांचें ओझें दोघांस सारखेंच होतें. वाडीचा पाला म्हशीस, म्हशीचें शेण वाडीस, आणि दूध गाडींत. या संसारांत कांहींच वायां जात नसे.

येथील दूधवाल्याची एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. तो आपले डबे घेऊन स्वतः गाडींत चढे, अंधेरी किंवा दादरला उतरे आणि गिऱ्हाइकाच्या दारांत आपल्या मापानें दूध घाली. मध्यें दलाल नाहीं. गिऱ्हाईक जो पैसा देई तो सबंध त्याच्या कनवटीस लागे. म्हणूनच, आमच्या समजुतीनें, वसईच्या या पट्ट्यांत दुधासाठीं संस्था काढण्याची निकड कधीं कोणास भासली नाहीं. सहकार लोकांस ठाऊक नव्हता असें नव्हे. पापडीस मॉन्सेन्यॉर पी. जे. मोनीस यांनीं १९१८ सालीं काढलेली पतपेढी आज बॅसीन कॅथॉलिक बँक म्हणून मोठी झाली आहे. कर्जासाठीं माणसें एकत्र आलीं, दुधासाठीं आलीं नाहींत. कारण बाजार दीड तासाच्या अंतरावर होता.

ज्यांचा बाजार सव्वाचारशे किलोमीटरांवर होता त्यांची गोष्ट वेगळी. मुंबई सरकारनें १९४५ सालीं शहरासाठीं दुधाची योजना आंखली आणि गुजराथेंतील खेडा जिल्ह्याचें दूध पोल्सन कंपनीमार्फत याच रुळांवरून मुंबईस येऊं लागलें. आणंदचा शेतकरी कांहीं डबा घेऊन दादरला उतरूं शकत नव्हता. दलाल देईल तो भाव घ्यावा, नाहींतर दूध नासूं द्यावें, एवढेंच त्याच्या हातीं. ४ जानेवारी १९४६ रोजीं समरखा गांवीं सभा भरली, आपली संस्था होईपर्यंत कोणीं दूध घालावयाचें नाहीं असें ठरलें, आणि पंधरा दिवस मुंबईस तें दूध गेलें नाहीं. सरकार नमलें. १४ डिसेंबर १९४६ रोजीं खेडा जिल्ह्याचा संघ नोंदला गेला, तेव्हां त्यांत दोन गांवांच्या संस्था होत्या. त्रिभुवनदास पटेल यांनीं तो उभा केला, डॉ. कुरियन १९४९ त आणंदला आले तें पुढचें प्रकरण. गरिबी नव्हे, अंतर माणसांस एकत्र आणतें, असें आम्हांस या दोन्ही मुलखांकडे पाहून वाटलें.

या संस्थांचें काम मुळांत इतकें साधें आहे कीं त्यांत क्रांति कसली, असा प्रश्न पडावा. सकाळ-संध्याकाळ गांवांतील बायामाणसें किटली घेऊन येतात. दूध मोजतात, त्यांतील फॅट काढतात, आणि भाव फॅटवरून ठरतो. पाणी घातलेल्याचा भाव आपोआपच खालीं येतो. दहा दहा दिवसांनीं हिशेब होऊन पैसे मिळतात. भाताचें पीक वर्षांतून एकदां घरांत येतें आणि सावकाराच्या वहींत जातें. दुधाचा पैसा थोडा असला तरी महिन्यांतून तीन वेळां येतो, आणि पुष्कळदां बाईच्या हातांत येतो. मुलाची फी कीं औषध हें तिलाच ठरवितां येतें. आमच्या मतें संस्थेचा खरा पराक्रम हा आहे. लोण्याच्या जाहिराती नंतरच्या.

आतां रूळ ओलांडून पूर्वेस जाऊं. तुंगारेश्वराचा डोंगर, पलीकडे पारोळ, तानसा नदीकांठचें खानिवडें. येथें वाड्या नाहींत. भातखाचरें, माळ आणि गवत. कोळी-कुणब्यांच्या आणि आदिवासींच्या या पट्ट्यानें मुंबईस दूध नव्हे, गवत पुरविलें. तबेल्यांतील हजारों म्हशी जें गवत खात, तें या भागापासून डहाणूपर्यंतच्या माळांवर कापलें जाई आणि गाठी बांधून पाठविलें जाई. कापणाऱ्यास काय मिळे? १९४५ सालीं गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखालीं वारल्यांनीं जो लढा दिला, त्यांत पांचशे पौंड गवत कापण्यास अडीच रुपये मजुरी द्यावी ही एक मागणी होती. त्याच ऑक्टोबरांत तलवाड्यास गोळीबार होऊन पांच वारली ठार झाले. आपल्या घरांत त्या काळीं दुधाचा पेला ज्या मुलापुढें ठेवला जाई, त्याला त्या गवताची किंमत कोणीं सांगितली असेल असें वाटत नाहीं.

मग ज्याच्या माळावर गवत, त्याच्या दारांत म्हैस कां नाहीं? प्रश्न सोपा वाटतो, उत्तर नाहीं. गवत बहुधा दुसऱ्याच्या मालकीच्या माळावरचें. कापणाऱ्याचा फक्त कोयता. कोकण कपिला गाय काटक खरी, पण दूध वासरापुरतें आणि वर थोडें. संकरित गाईस येथील दमट हवा आणि चार महिन्यांचा पाऊस मानवत नाहीं. सरकी, पेंड विकत आणावी लागते. आणि मुख्य म्हणजे गरिबाघरीं जनावर एकच असतें: तें भाकड झालें कीं उत्पन्न थांबतें, मेलें तर कर्ज मागें राहतें. म्हैस वाटली म्हणजे गरिबी हटली असें मानणाऱ्यांनीं त्या कर्जाचा हप्ता एकदां मोजावा. दुधाची संस्था ही जनावर देण्यानें होत नाहीं. चारा, डॉक्टर, विमा आणि वेळेवर येणारी दुधाची गाडी हीं सारीं एकदम लागतात.

सरकारनेंही या जिल्ह्यांत दूध आणण्याचा प्रयत्न केला. गेल्या शतकाच्या उत्तरार्धांत दापचरीस आदिवासींच्या जमिनी घेऊन मुंबईच्या म्हशींसाठीं मोठी वसाहत वसविली. ती भरभराटीस आली नाहीं, आणि जमीन ज्यांची गेली त्यांची गेली. राज्यांतील संघांचा महासंघ १९६७ सालीं निघाला. त्याचें ‘महानंद’ घरोघर पोंचलें, तरी डबघाईस येऊन २०२४ सालीं त्याचा कारभार राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाकडे सोंपवावा लागला. कोल्हापूरचा ‘गोकुळ’ १९६३ पासून नीट चालतो, तेव्हां दोष सहकाराचा म्हणतां येत नाहीं. जेथें सभासद दूध घालतो आणि सभेस येतो तेथें संस्था टिकते. जेथें खुर्ची आधीं आणि दूध मागून, तेथें नाहीं.

पश्चिमेकडेही आतां जुने दिवस राहिले नाहींत. १९८८ च्या सुमारास ‘हरित वसई’ची चळवळ उठली, फादर फ्रान्सिस दिब्रिटो तिच्या अग्रभागीं होते, तरी २००९ सालीं महानगरपालिका झाली आणि २०११ च्या शिरगणतींत शहराची वस्ती बारा लाखांवर गेली. वाडीला गुंठ्याचा जो भाव येतो त्यापुढें म्हशीनें काय करावें? पहाटेच्या गाडीचे डबे कमी कमी होत चालले आहेत.

विरारच्या पूर्वेस, जेथून एकेकाळीं गवताच्या गाठी जात, तेथें महामार्गालगत आतां अमूलचा कारखाना उभा आहे. ज्या खेडुतांचें दूध या रुळांवरून वसईस न थांबतां पुढें जाई, त्यांच्याच संघाचा तो. आम्ही गेलों तेव्हां दुधाच्या टांक्या आंत जात होत्या आणि पिशव्यांनीं भरलेल्या गाड्या मुंबईच्या दिशेनें बाहेर पडत होत्या. त्याच रस्त्यानें थोडें पुढें गेल्यावर, डोक्यावर गवताचे भारे घेतलेल्या पांच-सहा बाया ओळीनें चालल्या होत्या. गवत कोणाचें, असें विचारल्यावर त्यांनीं एका तबेल्याकडे बोट दाखविलें आणि न थांबतां पुढें गेल्या.